वावरातला दगडी गोल आणि जेसीबी

उन्हाळवाही सुरू झाली की वावरातले दगड काढायचं काम जोरात असते. जेसीबी तासावर मिळतो, दिवसभरात वावर साफ. पण भाऊ, बकेट लावायच्या आधी एकदा वावरात फिरून पाहा. मोठाले दगड गोल मांडलेले आहेत का? मधात माती-गोट्यांचा उंचवटा आहे का? असेल तर ते दगड आपोआप तिथं आलेले नाहीत.

याले शिळावर्तुळ म्हणतात. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी, लोखंड वापरणाऱ्या लोकांनी आपल्या मेलेल्या माणसांसाठी रचलेलं. नागपूरजवळ जुनापाणीला अशी शेकडो आहेत. माहुरझरीच्या खोदकामात घोड्याचे अवशेष आणि त्याचा तांब्याचा साज निघाला. नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली. आपल्या चिमूर तालुक्यात हिरापूरला मोठ्या शिळांच्या रचना आहेत. चामोर्शीकडच्या दगडी थडग्यांची नोंद इंग्रजांच्या काळातच झाली होती. अन् भामरागडकडे माडिया लोक आजही गेलेल्या माणसासाठी दगड उभा करतात. म्हणजे ही रीत अजून जिवंत आहे.

मग आपण हे दगड लपवतो कायले? एकच भीती: कोणाले कळलं तर वावर जाईल.

ही भीती अर्धी खरी, अर्धी खोटी. नोंद झाली म्हणजे जागा लगेच संरक्षित होत नाही. केंद्राच्या १९५८ च्या कायद्यात आधी सूचना निघते आणि हरकतीसाठी दोन महिने मिळतात. संरक्षित झाली तरी जमिनीत एक फुटापेक्षा खोल न जाता शेती करता येते, हे त्याच कायद्यात लिहिलं आहे. वखर, डवरा, पेरणी सगळं एका फुटाच्या आत बसते. खरी अडचण बांधकामाची. २०१० च्या दुरुस्तीनं केंद्राच्या संरक्षित जागेपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाले बंदी आहे. घर किंवा गोठा बांधायचा असेल त्याले हा फटका बसतो, हे मान्य.

आता हिशेब करा. १५ मीटर रुंदीचा गोल म्हणजे पावणेदोन आर. एकरी आठ क्विंटल सोयाबीन धरलं तरी नुकसान ३५ किलोचं. तेवढ्यासाठी तीन हजार वर्षांची वस्तू मोडायची?

तिकडे आयर्लंडमध्ये शेताशेतात मातीच्या बांधाचे गोल आहेत, हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या वस्त्यांचे. सुमारे ४५ हजार मोजले आहेत. ते टिकले त्यात तिथल्या लोकांच्या भीतीचा मोठा वाटा: गोलात अदृश्य लोक राहतात, मोडला तर घरावर संकट येते. आपल्याकडेही शेंदूर लावलेला दगड कोणी हलवत नाही. पण बिनशेंदराच्या दगडाले वाली कोण?

माझं म्हणणं सरळ आहे. ३५ किलोचं नुकसान शेतकऱ्यानं एकट्यानं का सोसावं? गोल राखणाऱ्याले सरकारनं दरवर्षी मोबदला द्यावा. जपणूक सगळ्यांची, तर खर्चही सगळ्यांचा.

तोवर आपण एवढं करू: गोल दिसला तर जेसीबी बाजूनं वळवा. फोटो काढा, गट नंबर लिहून ठेवा, नागपूर विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाले कळवा. मधात खोदू नका. सोनं नाही तिथं, कोणाचा तरी बाप झोपला आहे.