मिठाची सक्ती आणि आयोडीनचा हिशेब

आयोडीन नसलेले खाण्याचे मीठ विकण्यावर १९९८ साली देशभर बंदी आली, तेव्हा तिला विरोध करणाऱ्यांत मीही होतो. ज्या देशाने मिठासाठी सत्याग्रह केला, त्याच देशाच्या सरकारने आता मिठाची सक्ती करावी? पेण-उरणच्या मिठागरांतले खडे मीठ आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या आले. त्याने आमचे काय बिघडले, असा माझा सवाल होता.

आज तो सवाल मी मागे घेतो. ज्यांचे बिघडले होते, ते मला दिसत नव्हते इतकेच. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका भागाला साधे आणि दोन भागांना आयोडीनयुक्त मीठ पुरवले. काही वर्षांतच त्या दोन भागांतल्या शाळकरी मुलांमधला गलगंड झपाट्याने घटला. गळ्याची गाठ निदान डोळ्यांना दिसते तरी. गरोदरपणी आयोडीन फार कमी पडल्यास गर्भाच्या मेंदूला होणारी इजा दिसतही नाही आणि पुढे भरूनही येत नाही. अशा वेळी ‘ज्याला हवे त्याने घ्यावे’ हे म्हणणे पुरेसे नाही.

धोरण मात्र डळमळीत राहिले. २००० साली बंदी उठली, २००६ साली पुन्हा आली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने हा नियम भेसळ प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत बसत नाही असा निर्वाळा दिला; तरी नव्या अन्नसुरक्षा नियमांतून बंदी कायम राहिली.

सक्ती मान्य केली, तरी तिचा हिशेब मागण्याचा हक्क उरतोच. दुकानातल्या एक किलो मिठात किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावे, असा दंडक आहे. प्रौढ माणसाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम. म्हणजे किमान दंडकाचे मीठ रोज १० ग्रॅम खाल्ले तर ती भागते. इकडे जागतिक आरोग्य संघटना सांगते, मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवा. हा सल्ला इमानेइतबारे पाळणाऱ्याला अशा मिठातून निम्मेच आयोडीन मिळेल. शिवाय पावसाळ्यात उघड्या बरणीतले आणखी उडून जाते, ते वेगळेच.

म्हणून ‘मीठ कमी खा’ म्हणणाऱ्यांनी आणि दंडक ठरवणाऱ्यांनी एकत्र बसावे. खेड्यातल्या किराणा दुकानांतले नमुने नियमित तपासून निकाल जाहीर करावेत. लहान मिठागरवाल्यांना दंडाआधी आयोडीन मिसळण्याची सोय पुरवावी. आम्ही नियम पाळतो. त्यातून पोटात काय जाते, हे सरकारने सांगायला नको काय?