थकव्याची मालकी

युद्धपटात सैनिकाचे हाल दिसले की तो युद्धविरोधी ठरवून मोकळे व्हायचे, हा आपल्या चित्रपटसमीक्षेतील एक आळशी संकेत आहे. सॅम्युएल फुलर यांचा ‘मेरिल्स मराउडर्स’ (१९६२) या संकेताला सहज बळी पडणारा चित्रपट. १९४४ मधील उत्तर ब्रह्मदेशातील मोहीम, सुमारे ३,००० अमेरिकी स्वयंसेवकांचे दल, चिखल, हिवताप, उपासमार. वलॉबूमनंतर विश्रांतीची आशा मावळते, शदुझुपनंतर मिचिना समोर उभे राहते. अखेरीस मेरिल कोसळतो आणि उभे राहण्याचेही त्राण नसलेली माणसे पुन्हा चालू लागतात.

मानवतावादी वाचनाची गफलत होते ती इथेच. हा थकवा आज्ञेची चिकित्सा करीत नाही. शरीर जितके झिजावे तितके आज्ञापालन अधिक पवित्र व्हावे, अशी त्याची योजना आहे. प्रत्यक्षात त्या थकव्याला वाचा फुटली होती. मिचिनाची धावपट्टी १७ मे १९४४ रोजी हाती आली, शहर मात्र ३ ऑगस्टला पडले. मधल्या काळात रुग्णालयांतील आजारी सैनिकांनाही आघाडीवर धाडले गेले आणि दलात संताप उसळला. चित्रपट या संतापाच्या अलीकडेच थांबतो.

शिवाय हा थकवा कोणाच्या मालकीचा? धावपट्टीच्या मोहिमेत चिनी रेजिमेंटही होत्या. सर्पदंश झालेल्या काचिन वाटाड्याने घोड्यावर बसून तुकडीला वाट दाखविली होती. संहितेत थकण्याचा अधिकार मात्र अमेरिकी देहापुरताच राखून ठेवलेला आहे. (त्याच वर्षी मार्चमध्ये मणिपूरच्या सांगशाकला मराठा पलटण लढत होती, याची आठवण ‘वैश्विक’ दुःखाचे गोडवे गाणाऱ्या मराठी समीक्षकालाही होत नाही.)

शदुझुपच्या लढाईनंतर एक म्हातारी एका दणकट सार्जंटला भात भरवते आणि तो रडू लागतो. प्रसंग थोर आहे, यात वाद नाही. परंतु कॅमेऱ्याला हवे आहेत ते सार्जंटचे अश्रू. म्हातारी केवळ त्यांचे निमित्त. ब्रह्मदेशही फिलिपीन्समध्ये उभारलेला, तेव्हा तिला नाव नसावे यात नवल ते काय! सैन्ये येऊन गेलेल्या त्या गावात हा भात आला कोठून, आणि तो देऊन टाकल्यावर तिच्या घरी काय शिजले, हे मानवतावादी समीक्षेने अद्याप विचारलेले नाही.