विश्लेषण : चौथ्याच चालीत जोखीम… प्रज्ञानंदचा धारदार बचाव विदितला का भोवला?

टोरांटो, एप्रिल २०२४. जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेच्या तिसऱ्या फेरीत नाशिकचा विदित गुजराथी आणि चेन्नईचा आर. प्रज्ञानंद समोरासमोर आले. पांढरी मोहरी असूनही विदित हरला. नेमके काय घडले?

चाल कोणती?
सुरुवात ‘रुई लोपेझ’ने झाली. चौथ्या चालीला प्रज्ञानंदने राजाच्या उंटापुढचे प्यादे दोन घरे पुढे ढकलले. हा ‘श्लीमान’ बचावाचा एक प्रकार. कार्ल येनिशने १८४७ मध्ये या बचावाचे विश्लेषण केले होते. अव्वल खेळाडू मात्र तो क्वचितच वापरतात.

धोका कुठे?
हे प्यादे पांढऱ्याच्या मधल्या प्याद्यावर थेट हल्ला करते आणि पुढे हत्तीला वाट मोकळी होते. पण त्याच वेळी काळ्या राजाकडे जाणारे तिरके रस्तेही उघडतात. पांढरा उंट त्यातल्या एका रस्त्यावर आला, तर किल्लेकोट करणे अवघड होते. म्हणजे बचाव म्हणायचे, पण कुंपण स्वतःच काढून लढायचे.

मग खेळतात कशाला?
अनपेक्षिततेसाठी. तयारी करून आलेला झटपट खेळतो, समोरच्याचे घड्याळ पळत राहते. विदितला हे शस्त्र नवे नव्हते. आदल्याच फेरीत काळ्या मोहऱ्यांनी खेळताना त्याने ‘बर्लिन’ बचावात अकराव्या चालीला उंटाचा बळी देऊन हिकारू नाकामुराला हरवले आणि त्याची ४७ डावांची अपराजित मालिका मोडली.

पुढे काय झाले?
डी. गुकेश ९ गुणांसह स्पर्धा जिंकला. प्रज्ञानंदला ७, तर विदितला ६ गुण मिळाले. एका धक्क्याने डाव जिंकता येतो, १४ फेऱ्यांची स्पर्धा नाही.

देवणीच्या मुलांनी काय घ्यावे?
हे सारे डाव मोबाइलवर फुकट पाहता येतात. देवणीतल्या मुलाला आणि ग्रँडमास्टरला चाली त्याच दिसतात. फरक पडतो तो शिकवणाऱ्यात. ‘पाच चालींत मात’ असले व्हिडिओ सापळा पाठ करून घेतात, तो फसल्यावर काय करायचे ते सांगत नाहीत. प्रश्नसंच घोटून घेण्याची ताकद लातूर पॅटर्नच्या या जिल्ह्याला सांगायला नको, पण पटावर पेपर समोरचा काढतो. म्हणून तालुक्याच्या शाळांना पटांसोबत प्रशिक्षकही मिळायला हवा. ‘ही चाल का?’ हे विचारणारे कोणी नसेल, तर धारदार बचाव आपल्याच हाताला कापतो.