आपले जोशी, परकी मी

माझं माहेरचं आडनाव जोशी. आमच्या वर्गात पाच जोशी होते. बाईंनी 'ए जोशी' म्हटलं की पाचही उभे राहायचे! पण बाबांना आडनावाचा भारी अभिमान. रेडिओवर पंडित भीमसेन जोशी लागले की म्हणायचे, "ऐक, आपल्यातले आहेत." खरं तर ते गदगचे, आमच्या ना नात्याचे ना गोत्याचे. वाईला विश्वकोशाचं काम उभं करणारे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री, १९९५ ते १९९९ मुख्यमंत्री असलेले मनोहर जोशी, शेतकऱ्यांचे शरद जोशी, सगळे बाबांच्या लेखी 'आपले'च. अगदी १९६७चं ज्ञानपीठ विभागून मिळालेले गुजराती कवी उमाशंकर जोशीसुद्धा! मुळात ज्योतिष सांगणारा तो जोशी. असे जोशी गावोगावी होते, म्हणून आडनावही गावोगावी. त्याला एक घराणं कसं म्हणायचं?

बाबांच्या या यादीत बाई एकच, डॉ. आनंदीबाई. त्यांचं माहेरही जोशी आणि सासरही जोशी, म्हणून आडनाव तेवढं टिकलं. माहेरची यमुना मात्र लग्नात गेली. नवव्या वर्षी लग्न, १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर आणि १८८७मध्ये बाविशी गाठायच्या आतच मृत्यू. केवढी झेप! पण आईवडिलांनी ठेवलेलं नाव आज किती जणींना ठाऊक आहे?

माझं तर दोन्ही गेलं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं, पेढे वाटले, मीही लाजले. पुढे बाबा गेले. त्यांनी माझ्या नावावर ठेवलेली ठेव काढायला बँकेत गेले, तर पलीकडून प्रश्न, "ही मुलगी तुम्हीच कशावरून?" शाळेचा दाखला एका नावाचा, रेशनकार्ड दुसऱ्या. प्रतिज्ञापत्र, गॅझेट, चार हेलपाटे. बाबांचे ते सगळे 'आपले' जोशी, आणि त्यांची सख्खी मुलगी तेवढी परकी!

मैत्रिणींनो, लग्नानंतर नाव किंवा आडनाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. ज्यांना हौस आहे त्यांनी खुशाल बदलावं, माझी ना नाही. पण आधी मुलीला विचारायला नको का? आपल्या राज्यात १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचं, मग वडिलांचं नाव येतं. चांगलंच झालं. पण तेवढ्यावर थांबून चालायचं नाही. शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती'त शेतकऱ्यांना सांगितलं होतं, बायकोच्या नावावर जमीन करा. मला वाटतं, खरी गोष्ट तीच आहे. दारावरच्या पाटीत नाव असावं, पण सातबाऱ्यावर आणि घराच्या उताऱ्यावर आधी असावं.

परवा भाचीच्या लग्नाची बोलणी चालली होती. तिच्या होणाऱ्या सासूबाईंनी कौतुकाने विचारलं, "मग नवं नाव काय ठेवायचं?" मी म्हटलं, "तिलाच विचारू या ना." क्षणभर सगळे गप्प. भाची हळूच म्हणाली, "आहे तेच राहू दे." सासूबाई थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "राहू दे बाई. मला कुणी विचारलंच नव्हतं."