पान विका, पण कृतीसह

दार्जिलिंगचा फर्स्ट फ्लश, म्हणजे वसंतातल्या पहिल्या तोडणीचा चहा, दुकानात आला की पाठोपाठ तक्रारीही येतात. ‘एवढे पैसे मोजले आणि चहा फिका!’ गिऱ्हाईक खोटे बोलत नसते. त्याने तो माल घरी नेऊन नेहमीप्रमाणे पातेल्यात टाकलेला असतो आणि दूध, साखर, आले घालून दोनदा वर येईपर्यंत उकळलेला असतो. यात पानाचा दोष नाही, गिऱ्हाइकाचाही नाही. आपण दुकानदार पान तोलून देतो आणि कृती सांगायचे विसरतो.

चहाचा इतिहास पाहिला, तर पान बदलले तिथे भांडे आणि कृतीही बदलली आहे. आठव्या शतकात लू यू यांनी चहावरचा ग्रंथ लिहिला तेव्हा चीनमध्ये चहाच्या दाबून केलेल्या वड्या मिळत. वडी भाजायची, कुटायची आणि चिमूटभर मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात टाकायची. (चहात आले, कांदापात वगैरे घालणाऱ्यांवर लू यू चांगलेच उखडले आहेत, आपल्या टपऱ्यांवर त्यांचे काही खरे नव्हते.) सोंग काळात बारीक भुकटी वाडग्यात घोटून फेस काढण्याची रीत आली. पुढे 1391 मध्ये मिंग सम्राट होंगवू याने वड्यांची खंडणी बंद करून सुटे पान पाठवण्याचे फर्मान काढले. वड्या करण्यात प्रजेची फार दमछाक होते, हे त्याचे कारण. स्वतः शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या राजाला ते दिसले. घोटणी मागे पडली, किटली पुढे आली आणि यीशिंगच्या जांभळट मातीच्या छोट्या किटल्यांना भाव आला. जपानने भुकटीचा माचा सोडला नाही, पण पाने वाफवून, वळून, वाळवून केलेला सेंचाही तिथे रुजला. त्याचे श्रेय 1738 च्या सुमारास उजी भागातल्या नागातानी सोएन यांना देतात.

इतरत्रही तेच. रशियात छोट्या किटलीत दाट अर्क काढून ठेवतात आणि पिताना समोवार या पाणी तापवण्याच्या भांड्यातले गरम पाणी मिसळतात. मोरोक्कोत चिनी गनपावडरच्या घट्ट वळलेल्या गोळ्या आधी विसळतात, मग पुदिना आणि भरपूर साखर.

आपली उकळण्याची रीतही अडाणी नाही. 1930 च्या सुमारास आसामात अमगुरी बागेत विल्यम मॅकर्चर यांनी सीटीसी (क्रश, टेअर, कर्ल) यंत्र आणले. दातेरी रुळांत पान चिरडले, फाटले, वळले की दाण्यातून रंग आणि कडकपणा झटपट उतरतो. दुधाला तोंड देणारा चहा हाच. सीटीसीला नाके मुरडणारे काही नवे ‘टी बुटीक’वाले आहेत, त्यांच्याशी आम्ही सहमत नाही. घोळ होतो तो एका चहाची कृती दुसऱ्याला लावल्याने.

चव घेणाऱ्यांसाठी आयएसओ 3103 हे मानक आहे: 100 मिलिलिटर पाण्याला 2 ग्रॅम चहा, 6 मिनिटे. याच्या ब्रिटिश अवताराला 1999 मध्ये गमतीचे ‘इग नोबेल’ही मिळाले. पण ही सहा मिनिटे मालाचे दोष उघडे पाडण्यासाठी आहेत, पिण्यासाठी नाहीत. फर्स्ट फ्लशला उकळी मोडलेले पाणी आणि तीन मिनिटे पुरतात. तेवढ्यात वळलेले पान उलगडते, दोन पाने आणि कळी ओळखू येते, आणि पाणी फिकट सोनेरी होते. हा रंग तसाच असायचा, हे गिऱ्हाइकाला आधी सांगितले तर ‘फिका’ ही तक्रार उरत नाही.

म्हणून आमचे वाचकांना सांगणे एवढेच. पानाच्या चहाच्या प्रत्येक पुडीवर बाग, फ्लश आणि पॅकिंगचा महिना लिहा. खाली ठळक अक्षरात ग्रॅम, पाणी, मिनिटे आणि ‘उकळू नये, दूध नको’ असे छापा. काउंटरवर एक काचेची किटली ठेवा आणि महाग माल विकण्याआधी घोटभर पाजा. आणि ज्याला आले घालून कडक चहाच हवा आहे, त्याला नफा कमी सुटला तरी आसाम सीटीसीच द्या.