मेजर, लघवीची तक्रार लपवू नका

आपल्या बारामती-इंदापूर भागात फौजेतून निवृत्त झालेला माणूस शिपाई असो की हवालदार, गावात तो 'मेजर'च असतो. या मेजरांची एक सवय मला डॉक्टर म्हणून नेहमी खटकते. गुडघा दुखतो हे ते पारावर बसून सांगतील, पण लघवीची तक्रार बायकोच्याही कानावर घालणार नाहीत.

मध्यंतरी इंदापूर तालुक्यातील एक निवृत्त हवालदार कंबरदुखीसाठी आले. दोन वर्षे ते रात्री चार-चार वेळा उठत होते. 'वय झालं, चालायचंच!' तपासणीत प्रोस्टेटचा कर्करोग हाडांपर्यंत पोचलेला निघाला. मूत्राशयाखालची ही छोटी ग्रंथी उतारवयात बहुतेक पुरुषांची वाढते, आणि ती वाढ बहुधा साधीच असते. कर्करोग मात्र सुरुवातीला काहीच लक्षण दाखवत नाही. म्हणून पन्नाशीनंतर 'पीएसए' या रक्ततपासणीबद्दल डॉक्टरांशी बोलावे. आकडा वाढला म्हणजे कर्करोगच, असेही नव्हे. साध्या वाढीने किंवा जंतुसंसर्गानेही तो वाढतो.

निवृत्तिवेतन घेणाऱ्या माजी सैनिकांसाठी 1 एप्रिल 2003 पासून 'ईसीएचएस' योजना आहे. पॉलिक्लिनिकची चिठ्ठी घेऊन मान्यताप्राप्त रुग्णालयात गेल्यास पैसे भरावे लागत नाहीत. निवृत्तिवेतन नसलेल्यांना कर्करोगासाठी केंद्रीय सैनिक बोर्डाची मदत मिळू शकते. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत करायचा. हे अनेकांना ठाऊकच नसते.

योजना चांगली आहे, माझी तक्रार हेलपाट्यांची आहे. पुरुषी हार्मोन रोखले की हा रोग आटोक्यात येतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये दाखवले. पुढे 1966 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्यासाठीचे इंजेक्शन महिन्याने किंवा तीन महिन्यांनी घ्यायचे, टोचायला दोन मिनिटे लागतात. तेवढ्यासाठी सत्तरीच्या माणसाने हाडे दुखत असताना शंभर किलोमीटरवरील पुणे गाठायचे, सोबत मुलाचा दिवस बुडवायचा? बारामतीत 2019 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पुण्यातील तज्ज्ञाने उपचार ठरवावा, इंजेक्शन येथे मिळावे. (अंडकोष काढण्याची एकदाच करायची शस्त्रक्रिया हाही जुना, स्वस्त पर्याय आहे. ऐकून मिशीवाले मेजरही दचकतात, पण डॉक्टरांनी तो न संकोचता सांगावा आणि निवड रुग्णाने करावी.)

अमेरिकेने 1996 मध्ये व्हिएतनाममध्ये लढलेल्या सैनिकांचा हा कर्करोग तेथील विषारी फवारणीशी जोडला आणि पुरावे गोळा करण्याचे ओझे रुग्णावरून उतरवले. आपल्या जवानांवर तशी फवारणी झाली नव्हती, त्यामुळे ती भरपाई आपण मागू शकत नाही. पण रुग्णाला कमी पळवावे, एवढे तरी तेथून उचलता येईल.

तालुक्याच्या माजी सैनिक मेळाव्यात सत्कार होतात, भाषणे होतात. तेथेच एका खोलीत डॉक्टर बसवून साठीपुढच्या प्रत्येकाला रात्री किती वेळा उठता, धार कशी आहे, एवढे एकांतात विचारावे. मेळाव्याला येताना ईसीएचएस कार्ड आणि डिस्चार्ज बुक सोबत आणावे, म्हणजे चिठ्ठीचे काम त्याच दिवशी सुरू होईल.