पोटातल्याला पण चढते का?

मैत्रिणींनो, दारूविरोधी बैठकांत मी अनेक वर्षं बोलते आहे. नवऱ्याची दारू, मारहाण, विकलेली भांडी, आडवी बाटली. हे बोलणं सोपं जातं. पण भातलावणीच्या दिवसांत एका पाड्यावर सहा महिन्यांची पोटुशी बाई म्हणाली, "मीपण घेते थोडी. दिवसभर चिखलात वाकून रात्री पाठ टेकवत नाही. पोटातल्याला पण चढते का, ताई?" बाकीच्या हसल्या. मला हसता येईना, कारण उत्तर 'हो' असं होतं.

आईच्या रक्तातली दारू वारेतून गर्भात जाते. त्याचं यकृत कच्चं, त्यामुळे ती लवकर निघत नाही. मेंदू तर नऊही महिने घडत असतो. म्हणून अमक्या महिन्यानंतर चालते, घरची मोहाची आहे म्हणून चालते, असं काही नाही. सुरक्षित म्हणावं असं प्रमाण वैद्यकाला सापडलेलं नाही. काही मुलांचा वरचा ओठ पातळ, नाकाखालची पन्हळ सपाट असते. बहुतेकांच्या चेहऱ्यावर मात्र काहीच दिसत नाही. मूल उशिरा बोलतं, एका जागी ठरत नाही, काल शिकवलेलं आज विसरतं. बालवाडीत ते 'ढ' आणि 'वांड' ठरतं.

१९७३ साली अमेरिकेत सिॲटलच्या डॉक्टरांनी या विकाराला नाव दिलं आणि बोट आईकडे वळलं. दोष खरा कुणाचा, हे दक्षिण आफ्रिकेतल्या वेस्टर्न केपमध्ये पाहावं. तिथल्या द्राक्षमळ्यांवर मजुरीचा भाग म्हणून वाईनच देत. 'डॉप' म्हणत त्याला. कायद्याने बंदी आल्यावरही ती पद्धत कित्येक वर्षं चालू राहिली. अशा मुलांचं जगातलं सर्वांत मोठं प्रमाण ज्या भागांत आढळलं, त्यांत हा एक. मळेवाल्याला कुणी 'वाईट आई' म्हटलं नाही!

आपल्याकडे २०१९ पासून बाटलीवर सक्तीचा इशारा आला. त्यात गाडी चालवणारा आहे, गरोदर बाई नाही. आणि मोहाच्या दारूला बाटली तरी कुठली?

आपणही या विषयावर गप्प राहिलो. बोललो तर सगळे तिलाच झोडपतील, ही भीती खोटी नव्हती. पण आपल्या गप्प राहण्याने तिला माहितीच मिळाली नाही. तपासणीच्या दिवशी नर्सबाईंनी प्रत्येकीला हे विचारावं, न ओरडता. रोज भरपूर पिणारीने एकदम सोडताना डॉक्टरांची मदत घ्यावी, हेही सांगावं.

मी त्या बाईला म्हटलं, "आजपासून सोडलीस तरी बाळाला फायदाच आहे." ती म्हणाली, "सोडते. पण पाठीचं काय करू?" मातृवंदना योजनेचे पाच हजार पहिल्या खेपेला मिळतात. तिचं हे तिसरं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा लावणीला गेली.